डॉ. आनंदीबाई जोशी यांचे वैद्यकीय शिक्षण आणि मराठी चरित्रवाङ्मय

१

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्याविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे एकोणिसाव्या शतकातील फार थोड्या स्त्रियांविषयी लिहिले गेले असेल. चरित्र, कादंबरी, नाटक, दूरदर्शन-मालिका आणि २०१९ मधील चित्रपट अशा अनेक वाङ्मयीन व दृश्य प्रकारांतून त्यांची जीवनकथा पुनःपुन्हा सांगितली गेली. नवव्या वर्षी झालेला विवाह, पतीचा विक्षिप्त शिक्षणहट्ट, दहा दिवसांत दगावलेले मूल, समुद्रपर्यटन, परदेशातील पदवी आणि मायदेशी परतताच ओढवलेला मृत्यू हा या कथेचा क्रम मराठी वाचकास मुखोद्गत आहे. परंतु ज्या विद्येसाठी हे सर्व घडले ती विद्या कोणती, ती त्यांना कोणी व कशी शिकविली, आणि तिच्याविषयी त्यांनी स्वतः काय विचार केला, या प्रश्नांना या कथेत गौण स्थान मिळाले आहे. आनंदीबाई ‘डॉक्टर’ होत्या ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या कशा प्रकारच्या डॉक्टर होत्या हे मात्र क्वचितच विचारले जाते.

ही उणीव केवळ तपशिलाची नाही. एखाद्या व्यक्तीच्या व्यवसायाला तिच्या चरित्रात कोणते स्थान द्यावे, हा चरित्रवाङ्मयाच्या समीक्षेतील एक मूलभूत प्रश्न आहे. कवीचे चरित्र लिहिताना त्याची कविता वगळता येत नाही. न्यायाधीशाचे चरित्र त्याच्या निकालपत्रांवाचून अपुरे राहते. हाच निकष स्त्री-डॉक्टरच्या चरित्रास लावला असता काय निष्पन्न होते, याचा विचार येथे प्रामुख्याने आनंदीबाईंच्या संदर्भात केला आहे.

२

प्रथम शिक्षणाची वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपल्या अमेरिकाप्रयाणाची कारणे सांगणारे इंग्रजी भाषण केले. हे भाषण बहुधा एका सतरा वर्षांच्या मुलीच्या धैर्याचा दाखला म्हणून उल्लेखिले जाते. त्यातील युक्तिवादाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची गरज आहे, हे त्या भाषणाचे मुख्य प्रमेय आहे. मग हे शिक्षण येथेच का घेऊ नये, या प्रश्नास त्यांनी दिलेले उत्तर अभ्यसनीय आहे. मद्रासेस वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि इलाख्यांतून सुईणपणाचे वर्गही निघाले आहेत, हे त्या मान्य करतात. परंतु ते शिक्षण अपुरे आहे व शिकविणाऱ्यांची वृत्ती अनुकूल नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. याचा अर्थ असा की, सुईणपणाचे प्रशिक्षण आणि संपूर्ण वैद्यकशास्त्राचे अध्ययन यांतील भेद त्यांच्या मनात प्रयाणापूर्वीच स्पष्ट होता. बाळंतपण सुखरूप पार पाडता येणे एवढेच त्यांना नको होते. शरीररचना, शरीरक्रिया, औषधिविज्ञान, शल्यकर्म आणि प्रसूतिशास्त्र या सर्वांचे अधिकृत ज्ञान त्यांना हवे होते.

या ठिकाणी चरित्रकारांच्या एका सर्वमान्य कार्यकारणभावाची चिकित्सा केली पाहिजे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय उत्पन्न झाला, असे जवळजवळ सर्वत्र सांगितले जाते. त्या दुःखाची तीव्रता नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाषणातील युक्तिवाद सार्वजनिक गरजेवर उभा आहे, आणि तो तसा उभा करणे ही एक बौद्धिक कृती आहे. केवळ मातृदुःखाने या निर्णयाचा उलगडा केला की निर्णयामागील विचार लोपतो, व त्याच्या जागी वाचकाच्या परिचयाची एक भावना तेवढी येते. पुरुष वैद्याच्या चरित्रात त्याच्या अपत्याचा मृत्यू हे व्यवसायनिवडीचे एकमेव कारण म्हणून सहसा पुढे येत नाही, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियात दाखल झाल्या. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकीय पदवी देण्यासाठीच निघालेली जगातील अगदी आरंभीची संस्था होय. रसायनशास्त्राच्या अध्यापिका रेचल बॉडली या तिच्या अधिष्ठात्री होत्या. प्रसूतिशास्त्राचे अध्यासन १८८० पासून ॲना ब्रूमॉल यांच्याकडे होते. ब्रूमॉल यांनी पॅरिस व व्हिएन्ना येथे अध्ययन केले होते, आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स हॉस्पिटलमध्ये त्या प्रमुख निवासी वैद्य म्हणून काम करीत होत्या. म्हणजे आनंदीबाईंची प्रसूतिशास्त्राची गुरू ही युरोपातील मोठ्या प्रसूतिगृहांची पद्धती प्रत्यक्ष पाहून आलेली स्त्री होती. गर्भवतीची प्रसूतीपूर्वी नियमित तपासणी व्हावी या विचाराला अमेरिकेत व्यवस्थेचे रूप देणाऱ्यांत ब्रूमॉल यांची गणना होते. त्यांनी त्यासाठी बाह्यविभाग काढला तो १८८८ मध्ये, आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षाने.

हा काळही ध्यानात घ्यावा लागतो. सूतिकाज्वराचा संसर्ग वैद्याच्या हातांतून होतो, हे झेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखविले होते. लिस्टर यांचे जंतुघ्न शल्यपद्धतीवरील लेख १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि प्रसूतिगृहांतून ही पद्धती रूढ होण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली. आनंदीबाई विद्यार्थिनी होत्या तो काळ या संक्रमणाचा होता. प्रसूतिशास्त्र हे सुईणीच्या अनुभवावर चालणारे कौशल्य न राहता जंतुविज्ञानावर आधारलेले शास्त्र होऊ लागले होते, आणि त्या बदलाच्या ऐन मध्यात एक महाराष्ट्रीय स्त्री ते शास्त्र शिकत होती. आनंदीबाईंच्या चरित्रातील हा प्रसंग समुद्रपर्यटनाइतकाच महत्त्वाचा आहे. कथनात मात्र त्याला त्या मानाने फारच थोडी जागा मिळते.

३

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना ‘डॉक्टर ऑफ मेडिसिन’ ही पदवी मिळाली. तिच्याविषयी दोन गैरसमज मराठीत प्रचलित आहेत. पहिला असा की, ‘एम. डी.’ या अक्षरांमुळे ही पदवी आजच्या अर्थाने पदव्युत्तर समजली जाते. अमेरिकेत ती वैद्यकाची पहिलीच पदवी होती व आहे. मुंबई विद्यापीठाच्या त्या काळच्या एल. एम. अँड एस. या पदवीशी तिची तुलना करणे अधिक योग्य. दुसरा गैरसमज असा की, त्यांनी प्रसूतिशास्त्राचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण केला होता. विशेषज्ञतेची आजची रचना, म्हणजे साडेचार वर्षांचा एम. बी. बी. एस. अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर तीन वर्षांचे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, ही फार नंतरची आहे. इंग्लंडमध्ये या शाखेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले ते १९२९ मध्ये, आणि भारतातील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला १९५० मध्ये. आनंदीबाई संपूर्ण वैद्यक शिकल्या आणि त्यात प्रसूतिशास्त्र हा एक विषय होता, एवढेच म्हणणे यथार्थ होय.

तथापि पदवीसाठी लिहावयाच्या प्रबंधास त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ असे त्याच्या इंग्रजी शीर्षकाचे मराठी रूप होईल. त्याचे हस्तलिखित उपलब्ध असून, फिलाडेल्फियाच्या त्या महाविद्यालयाचा वारसा चालविणाऱ्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात ते जतन केले आहे. आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार त्यात घेतला आहे. पत्रे व भाषण वगळता, एका विषयाची सलग मांडणी करणारे त्यांचे हे प्रमुख लेखन होय. असे असता मराठी समीक्षेने त्याकडे एक वाङ्मयीन व वैचारिक कृती म्हणून पाहू नये, हे आश्चर्याचे आहे.

या प्रबंधाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. तो पदवीपरीक्षेचा भाग म्हणून लिहिलेला विद्यार्थिदशेतील निबंध आहे. संशोधनपर महाप्रबंधाची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे ठरेल. उलट, तो केवळ औपचारिकता म्हणून बाजूस सारणेही योग्य नाही. कारण विषयाची निवड ही स्वेच्छेची होती, आणि त्या निवडीत एक भूमिका होती. परक्या देशात, परक्या भाषेत, परीक्षकांसमोर आपल्या शास्त्रीय ज्ञानाची प्रचीती देणे आवश्यक असता, त्यांनी ती आपल्या देशाच्या परंपरेच्या द्वारे दिली. ‘अंधारातून उजेडाकडे आलेली पौर्वात्य स्त्री’ ही जी प्रतिमा तत्कालीन अमेरिकन समाजाने त्यांच्यासाठी सिद्ध ठेवली होती, तिला या निवडीने एक अबोल प्रत्युत्तर मिळाले आहे.

४

ज्या परंपरेचा त्यांनी आश्रय केला तिचे स्वरूप काय होते, हे पाहिल्यावाचून या भूमिकेचे बल व मर्यादा समजत नाहीत. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची परिचर्या, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून ठेवण्याची सूचना, प्रसूतीच्या वेळची व्यवस्था व नवजात बालकाची काळजी यांचे सविस्तर विवेचन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात प्रसूतीच्या वेळी प्रौढ वयाच्या, बाळंतपणात कुशल व नखे कापलेल्या चार स्त्रिया जवळ असाव्यात असे सांगितले आहे. मूढगर्भाचे, म्हणजे अडलेल्या गर्भाचे निदान निदानस्थानात व त्याची चिकित्सा चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात येते. गर्भ जिवंत असता शस्त्र चालवू नये. मृत गर्भ काढताना तीक्ष्ण टोकाच्या वृद्धिपत्राने मातेस इजा होण्याचा संभव असल्यामुळे मंडलाग्र शस्त्र वापरावे, असा विवेक तेथे सांगितला आहे. मातेचा जीव वाचविणे हा जेथे शस्त्राच्या निवडीचा निकष आहे, त्या ग्रंथाला शास्त्रीय दृष्टी नव्हती असे म्हणता येणार नाही.

परंतु येथेच समीक्षकाने सावध राहिले पाहिजे. कापलेल्या नखांचा उल्लेख आला म्हणून जंतुसिद्धांताचे बीज तेथे होते असे म्हणणे, ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे रूढ झालेली विचारपद्धती इतिहासदृष्ट्या सदोष आहे. नखे कापण्याचा आदेश हा अनुभवजन्य व्यवहाराचा नियम आहे. संसर्गाचे कारण काय आणि ते कसे नाहीसे करावे, याची उपपत्ती ही वेगळी गोष्ट आहे. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा अभ्यास करताना हा भेद जपला, तरच त्यांनी फिलाडेल्फियात नवीन काय शिकले याची नीट कल्पना येते. प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे मानल्यास समुद्र ओलांडण्याचे प्रयोजनच उरत नाही. आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते असे मानल्यास प्रबंधाचा विषय निरर्थक ठरतो. प्रबंधाचे महत्त्व या दोन भूमिकांमधील ताणात आहे.

दुसरी मर्यादा शीर्षकातच आहे. ‘आर्य हिंदू’ हा शब्दप्रयोग त्या काळातील सुशिक्षितांच्या इतिहासकल्पनेचा द्योतक आहे. त्यात संस्कृत ग्रंथांची परंपरा येते; १८८० च्या दशकात महाराष्ट्राच्या घराघरांतून प्रत्यक्ष बाळंतपणे करणारी सुईण त्या नावात मावत नाही. तिचे ज्ञान ग्रंथस्थ नव्हते, आणि वरिष्ठ वर्णांच्या ग्रंथपरंपरेत तिला अधिकाराचे स्थान नव्हते. ज्या विद्येचा व्यवहार अशा स्त्रियांच्या हातून चालत होता, तिचे शास्त्र मात्र संस्कृत ग्रंथांतून शोधले जात होते, ही विसंगती एकट्या आनंदीबाईंची नसून त्यांच्या संपूर्ण पिढीची आहे. त्यांना दोष देण्यासाठी नव्हे, तर त्या पिढीच्या सुधारणाविचाराची कक्षा कोठे संपत होती हे समजण्यासाठी तिची नोंद घेतली पाहिजे.

५

आता चरित्रवाङ्मयाकडे वळता येईल. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र बोस्टन येथे १८८८ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षाने प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच पंडिता रमाबाईंशी असलेले नाते सांगितले आहे. अमेरिकन वाचकाला आनंदीबाईंचा परिचय अशा रीतीने दुसऱ्या एका भारतीय स्त्रीच्या कीर्तीच्या आधारे करून दिला गेला. रमाबाईंच्या १८८७ मधील इंग्रजी ग्रंथाला रेचल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतही आनंदीबाईंची स्मृती आहे. शिक्षिकेने विद्यार्थिनीविषयी लिहिलेला मजकूर म्हणून तिचे मूल्य वेगळे आहे.

मराठीत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनी लिहिलेले चरित्र, ज्याची १९१२ ची आवृत्ती परिचित आहे, आजही मूलभूत मानावे लागते. त्याचे दोन गुण निर्विवाद आहेत. एक म्हणजे पत्रांचा विपुल उपयोग. चरित्रनायिकेस स्वतःच्या शब्दांत बोलू देण्याची ही पद्धती त्या काळच्या मराठी चरित्रलेखनात नवी होती. दुसरा गुण म्हणजे गोपाळरावांच्या वर्तनाविषयीची परखड दृष्टी. स्वतः घरी राहून विद्या संपादन केलेल्या लेखिकेने दुसऱ्या स्त्रीच्या विद्येची किंमत जाणून हे चरित्र लिहिले आहे. मात्र काशीबाईंपुढचा प्रश्न ‘स्त्रीने शिकावे की नाही’ हा होता. ‘तिने काय शिकले’ हा नव्हता. त्या काळाच्या दृष्टीने हा अग्रक्रम स्वाभाविकच होता.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिने आनंदीबाईंची प्रतिमा मराठी मनात कायमची स्थिर केली. नाटक व मालिका यांनी तीच प्रतिमा पुढे नेली. कादंबरीचे केंद्र दाम्पत्य आहे, हे शीर्षकच सांगते. पतीचा हट्ट आणि पत्नीची घडण यांतील संघर्ष हा कलादृष्ट्या समर्थ विषय आहे, आणि कादंबरीकारास आपला विषय निवडण्याचा पूर्ण अधिकार आहे. आक्षेप कादंबरीवर नाही. कादंबरीचा आकृतिबंध चरित्राचा आकृतिबंध म्हणून स्वीकारला गेला, यावर आहे. दाम्पत्यकथेच्या चौकटीत फिलाडेल्फिया हे विरहाचे स्थळ ठरते, अध्ययनाचे नव्हे. अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) या संशोधनपर ग्रंथात अमेरिकेतील साधनांचा मागोवा घेऊन ही चौकट बरीच सैल केली. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अभ्यासानेही पत्रांचे नव्याने वाचन शक्य केले. तरीही लोकमानसात आणि अध्यापनात जुनी चौकट कायम आहे.

महाविद्यालयातील १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र या प्रवृत्तीचे उदाहरण म्हणून घेता येईल. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. ते चित्र आज सर्वत्र परिचित आहे. वेषाचे वैचित्र्य पाहणारास तेथे वैद्यकाची कोणतीही खूण दिसत नाही. मराठी चरित्रकथनानेही आनंदीबाईंना बहुतांशी अशाच रीतीने पाहिले आहे.

६

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. आनंदीबाईंनी व्यवसाय केलाच नाही. पदवीनंतर अनुभवासाठी त्या बोस्टनच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात गेल्या, पण प्रकृती ढासळली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. तथापि नोव्हेंबर १८८६ मध्ये परतल्यावर त्या तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जेथे व्यवसायच नाही तेथे व्यावसायिक चरित्र कसे लिहावे, असा हा आक्षेप आहे.

डॉ. रखमाबाईंच्या (१८६४–१९५५) चरित्राशी तुलना केली असता या आक्षेपाचे उत्तर मिळते. रखमाबाईंनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे शिक्षण घेतले, १८९४ मध्ये पदवी मिळविली, आणि १८९५ पासून सुरतेस व पुढे राजकोटला सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. येथे व्यवसायाचा अभाव नाही. दीर्घ, अखंड व्यवसाय आहे. तरीही त्यांचे नाव निघताच मराठी वाचकास प्रथम आठवतो तो १८८४ ते १८८८ या काळात गाजलेला दादाजी भिकाजी यांचा खटला. मोहिनी वर्दे यांच्या १९८२ मधील चरित्राचे उपशीर्षकही ‘एक आर्त’ असे आहे. एकीच्या बाबतीत अकाली मृत्यूने व्यवसाय झाकला, दुसरीच्या बाबतीत न्यायालयाने. तेव्हा व्यवसाय घडला की नाही, हे या उपेक्षेचे कारण नव्हे. स्त्रीच्या जीवनात सोसणे हे कथनीय आणि काम करणे हे अकथनीय, असा जो संकेत चरित्रवाङ्मयात रूढ आहे, तो खरे कारण होय.

‘पहिली’ या विशेषणावर दिला जाणारा भर हाही त्याच संकेताचा भाग आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच वैद्यकाची अर्हता प्राप्त केली व पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना खुले झाले ते १८८३ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईस आल्या, आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. म्हणजे आनंदीबाई परदेशी असतानाच येथे वाट तयार होत होती. पुढे कोल्हापुरात त्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. प्रथमत्वाच्या मापाने पाहिले तर ही परंपरा दिसत नाही, एकच मूर्ती दिसते. आणि मूर्तीपुढे प्रश्न विचारले जात नाहीत.

७

वरील विवेचनावरून निष्पन्न होणारी गोष्ट मर्यादित परंतु निश्चित आहे. आनंदीबाईंचे व्यावसायिक जीवन घडले नाही, पण त्यांचे शिक्षण घडले; आणि शिक्षण हीही एक जीवनघटना आहे. तिची साधने अस्तित्वात आहेत. सेरामपूरचे भाषण, पत्रे आणि प्रबंध ही तिन्ही साधने एकत्र ठेवून त्यांचे वाचन झाले, तर सुईणपणाच्या वर्गाचे अपुरेपण ओळखणारी, परदेशी विद्येचा स्वीकार करताना आपल्या ग्रंथपरंपरेचा हिशेब मांडणारी आणि त्या हिशेबातील उणिवांसह आपल्या पिढीचे प्रतिनिधित्व करणारी एक विचारवंत विद्यार्थिनी समोर येते. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत ‘आनंदी गोपाळ’ शिकविताना या प्रबंधाचा परिचय करून देणे, आणि वैद्यक व संस्कृत या दोन्ही शाखांच्या जाणकारांच्या साहाय्याने त्याचा सटीप अभ्यास सिद्ध करणे, हे पदव्युत्तर संशोधनास योग्य असे कार्य आहे.

बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी संपलेल्या जीवनाविषयी हळहळ वाटणे साहजिक आहे. परंतु हळहळीने चरित्र पूर्ण होत नाही. ज्या ज्ञानासाठी आनंदीबाईंनी आपले थोडे आयुष्य वेचले ते ज्ञान समजून घेण्याचे कर्तव्य त्यांच्या चरित्रकाराकडे आणि समीक्षकाकडे येते, व ते अद्याप पुरतेपणी पार पडलेले नाही.